मुलांचे धर्मशिक्षण : कायद्याचे कवच आणि आपले कर्तव्य
(धम्मवर्गाच्या पालकसभेत केलेले भाषण)



मुलांच्या धर्मशिक्षणासंबंधी चार शब्द सांगावेत म्हणून आपण मला येथे बोलाविले. मी धंद्याने वकील आहे, धम्माचा पंडित नव्हे. यास्तव प्रथम कायदा सांगेन; आणि जेथे कायद्याची हद्द संपते तेथून पुढे एक पालक या नात्याने बोलेन.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. मुलगी सहावीत, एका अनुदानित खाजगी शाळेत शिकत होती. शाळेत आठवड्यातून एकदा पूजा व आरती होई आणि प्रत्येक मुलाने तीत भाग घेतलाच पाहिजे असा दंडक होता. मुलीने घरी विचारले, "बाबा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. मग मी आरती का म्हणावयाची?" बाप निरुत्तर झाला आणि उत्तर शोधीत माझ्याकडे आला.

मी त्यांस राज्यघटनेचे २८ वे कलम वाचून दाखविले. आपणही ते नीट ध्यानात ठेवा. जी शिक्षणसंस्था सर्वस्वी राज्याच्या पैशावर चालते, तेथे धार्मिक शिक्षण मुळीच देता येत नाही. जी संस्था एखाद्या दाननिधीने वा न्यासाने स्थापिली, ज्याच्या अटीनुसार धार्मिक शिक्षण देणे आवश्यक आहे, आणि जिचा केवळ कारभार राज्य पाहते, तिला हा नियम लागू नाही. परंतु कोणत्याही शासनमान्य वा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून, त्याला धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही. म्हणजे आरतीला हजर न राहण्यासाठी परवानगी मागावयाची नसते. हजर ठेवावयाचे तर शाळेनेच आपली संमती घ्यावयाची असते. हा फरक फार मोठा आहे.

आम्ही सभ्य भाषेत अर्ज लिहिला, दिला, पोच घेतली. मुख्याध्यापकांनी वाद न घालता तो मान्य केला. खटला न लढता जिंकल्याचा मला आनंद झाला. महिन्याभराने ते गृहस्थ पुन्हा आले. म्हणाले, "वकीलसाहेब, पोरगी आता आरतीच्या वेळी एकटीच व्हरांड्यात बसते. मैत्रिणी विचारतात, तुमच्या धर्मात काय असते? तिला सांगता येत नाही. आणि खरे सांगू, मलाही येत नाही."

बंधूंनो, त्या दिवशी माझ्या वकिलीचा गर्व उतरला. कायद्याने त्या मुलीला एका जागेवरून उठण्याचा हक्क दिला. बसावयाचे कोठे, हे कायदा सांगत नाही. ते सांगणे आपले काम आहे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. धार्मिक शिक्षण आणि धर्माचा अभ्यास या दोन भिन्न गोष्टी आहेत. घटना समितीत १९४८ सालच्या डिसेंबरात या कलमावर चर्चा झाली, तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनीच हा भेद करून दाखविला होता. पुढे १९७१ साली गुरू नानकांच्या जीवनाच्या व शिकवणुकीच्या अभ्यासासंबंधी, आणि २००२ साली राष्ट्रीय अभ्यासक्रमासंबंधी, सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद मान्य केला. तेव्हा शाळेत येशू, पैगंबर, बसवेश्वर वा कबीर यांच्याविषयी शिकविले जात असेल, तर आपल्या मुलास उठवू नका. त्याने ते ऐकावे, समजून घ्यावे. आक्षेप सक्तीच्या उपासनेला आहे, ज्ञानाला नाही. आणि जो न्याय इतरांना, तोच आपल्याला. सरकारी शाळेत मुलांकडून बुद्धवंदना म्हणवून घ्यावी अशी मागणी आपणही करू नये.

काही पालक सवलती जातील या भीतीने शाळेत आपला धर्म लपवितात. त्यांना सांगतो की १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचाही त्या सवलतींत समावेश झाला आहे. ज्या मुलाला बाप धर्म लपवावयास शिकवितो, त्याला कोणताही धम्मवर्ग ताठ मानेने उभे करू शकणार नाही.

मग धर्मशिक्षण द्यावयाचे कोठे? घरी आणि विहारात. आम्ही आमच्या वस्तीत रविवारचा वर्ग सुरू केला. पहिली चूक माझ्याच हातून झाली, ती सांगतो. मी मुलांकडून त्रिशरण-पंचशील घोकून घेतले. अर्थ सांगितला तो घाईघाईने. एके दिवशी नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "पाचवे शील दारू न पिण्याचे आहे. माझे वडील रोज पितात. मग ते बौद्ध नाहीत काय?" सारा वर्ग स्तब्ध झाला. मी म्हणालो, "असे प्रश्न मोठ्यांना विचारू नयेत." पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या तथागताने केसपुत्तच्या कालामांना सांगितले की परंपरा आहे, ग्रंथात आहे वा गुरू सांगतो एवढ्यावरून काही मान्य करू नका, त्याच्या नावाने चालविलेल्या वर्गात मी एका बालकाचे तोंड बंद केले होते! मी त्याच्या घरी गेलो. त्याला म्हणालो, "बाळ, तुझा प्रश्न योग्य होता, माझे उत्तर चूक होते. शील हे आपण आपल्याशी केलेले वचन आहे. ते मोडले तर माणसाने उठून पुन्हा घ्यावयाचे असते. वडिलांचा न्याय करणे तुझे काम नाही. त्यांच्यावर माया करणे आणि स्वतःचे शील पाळणे तुझे काम आहे." बाप दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मुलाला वर्गात सोडावयास मात्र तो स्वतः आला.

या अनुभवातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो. पहिले, पाठांतराआधी अर्थ सांगावा. बालवयातील राहुलाला खोटे बोलण्याचे वाईटपण समजाविताना भगवंतांनी भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखविले, ते फेकून दिले, भांडे पालथे केले. मग आरशाचे उदाहरण देऊन प्रत्येक कृती निरखून करावी असे शिकविले. घरातील तांब्याने धम्म शिकविता येतो. दुसरे, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. राजा मिलिंदाने प्रश्न केले आणि नागसेनाने उत्तरे दिली, त्यातूनच एक थोर ग्रंथ झाला. तिसरे, इतरांच्या देवांची टवाळी वर्गात होऊ देऊ नये. द्वेष शिकलेले मूल मैत्री शिकणार नाही. चौथे, मुलींना मागे बसवू नये, आणि शिकविण्याचे काम भगिनींनीही घ्यावे. पाचवे, आणि सर्वांत कठीण असे की, जे वर्गात शिकवाल ते घरात दिसले पाहिजे.

ती व्हरांड्यातील मुलगी आमच्या वर्गात येऊ लागली. काही महिन्यांनी मैत्रिणीने पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा तिने उत्तर दिले, "आमच्या धर्मात कोणी उच्च-नीच नाही, आणि आम्ही विचारून मग मानतो." मला त्याहून चांगले उत्तर देता आले नसते.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण दीक्षा घेतली ती एका दिवसात. ती मुलांपर्यंत पोचविण्यास सारे आयुष्य द्यावे लागेल. कायद्याने दार उघडे ठेवले आहे; मुलाचे बोट धरून आत जावयाचे ते आपणच. येत्या रविवारी आपले मूल वर्गात पाठवा, आणि शक्य असेल तर त्याच्या शेजारी आपणही बसा.

जय भीम!