पाया खणण्याआधी

घराचा पाया खणण्याआधी एक कागद हातात हवा, तो म्हणजे बांधकाम परवानगी. महाराष्ट्रात ती १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार मिळते आणि शहरात बहुतेक ठिकाणी ती देते आपली नगरपालिका किंवा महानगरपालिका.

अर्जाला मालकीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. सोबत मोजणी नकाशा आणि परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने काढलेला आराखडा. हा आराखडा मालकाने स्वतः वाचायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. नवं बांधकाम त्यात लाल रंगात दाखवतात, पाडायचं ते पिवळ्या आणि सांडपाण्याची वाट लाल तुटक रेषेत. शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती जागा मोकळी सोडली आहे, तो आकडा तर बोट ठेवून तपासा. पुढची भांडणं तिथूनच सुरू होतात.

अर्ज केल्यापासून ६० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो. मात्र आराखडा नियमांत बसणारा हवा. परवानगी नाकारली, तर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

मिळालेली परवानगी १ वर्ष टिकते. काम लांबलं तर मुदत वाढवून घ्या.

जोतं झालं की तपासणी मागा. आणि घर पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय राहायला जाऊ नका. गृहप्रवेशाच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.