वही दुसऱ्याच्या हाती



जुगार चांगला की वाईट, हा आजचा विषय नाही. मला बोलायचे आहे ते जुगाराच्या दारी गिऱ्हाईक आणून सोडणाऱ्या मध्यस्थाविषयी. ब्रिटनमध्ये इंटरनेटवरील कॅसिनो सरकारी परवान्याने चालतात. त्यांना खेळाडू पुरवणाऱ्यांस तेथे ‘ॲफिलिएट’ म्हणतात. हा गृहस्थ आपल्या संकेतस्थळावर कॅसिनोचा दुवा देतो. त्या दुव्यावरून कोणी गेला, खेळला आणि हरला, की पुष्कळ करारांत त्या हरलेल्या पैशाचा ठरीव हिस्सा त्याला मिळतो.

पण किती आले आणि किती हरले, हे लिहिले जाते कॅसिनोच्या वहीत! माल शेतकऱ्याचा, काटा अडत्याचा, आणि शेतकऱ्याने काट्याकडे पाहायचे नाही, अशातला हा प्रकार.

मग लबाडी ओळखावी कशी? पहिला उपाय जुनाच आहे: आपली वही आपण ठेवावी. दुव्यावरून किती माणसे गेली, हे मध्यस्थाला स्वतः मोजता येते. समजा, आजवर हजारांमागे सरासरी 50 जण खाते उघडत. या महिन्यात 43 दिसले, तर ओरड करू नये. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पण 20 च दिसले, तर तो योगायोग मानणे कठीण. तरीही आधी दुवा तुटला नाही ना, येणारा वर्ग बदलला नाही ना, हे पाहावे. इतर कॅसिनोंकडील प्रमाण कायम असून एकीकडेच घसरले असेल, तर मात्र नोंदींचा तपशील मागावा. संशय म्हणजे पुरावा नव्हे. पण उत्तर टाळणे हीही एक खूणच आहे.

दुसरा उपाय, करारनामा बारकाईने वाचणे. खेळाडूंनी एका महिन्यात 6,000 पौंड जिंकले, तर 30 टक्क्यांच्या मध्यस्थाच्या नावे 1,800 ची तूट पडते. पुढच्या महिन्यात ते 10,000 हरले, तर त्याचे 3,000 व्हावेत. पण तूट पुढे ओढण्याची अट असेल, तर हाती 1,200 च येतात. ही अट आधी सांगितली असेल, तर ती कडक म्हणावी. मागाहून घालून जुन्या खेळाडूंनाही लावली, तर तो अन्याय होय.

आता नाण्याची दुसरी बाजू. 2017 साली ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने काही मध्यस्थांच्या जाहिराती आक्षेपार्ह ठरवल्या. कर्जबाजारी माणूस, त्याची आजारी पत्नी, आणि कॅसिनोत उघडलेले नशीब, अशी ती कथा बातमीच्या वेषात छापलेली होती. जबाबदारी कॅसिनोंवरही आली. म्हणजे मोजणीत फसवला जाणारा मध्यस्थ वाचकाला फसवणाराही असू शकतो.

आपल्याकडे 2025 साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घातली. त्यामुळे या धंद्याच्या युक्त्या शिकण्याचे आपल्याला प्रयोजन नाही. पण विमा असो, दुकान असो की भाड्याची मोटार, आज अनेकांचे पोट दुसऱ्याच्या यंत्रातील मोजणीवर अवलंबून आहे. त्यांनी आपली वही जरूर ठेवावी. आणि तिच्यात रक्कम मांडताना, ती कोणाच्या खिशातून आली, हेही एकदा स्वतःला विचारावे.