चंबळेची वाळू आणि सुसर



इंदूरजवळ महूच्या बाजूस जानापाव नावाची टेकडी आहे. तेथे उगम पावणारी चंबळ नदी सुमारे ९६० किलोमीटर वाहून इटावा जिल्ह्यात यमुनेस मिळते. ग्वाल्हेरकरांस ही नदी बेहडांमुळे, आणि बेहडांतील दरोडेखोरांच्या कथांमुळे, अधिक परिचित. बेहडांच्या पायथ्याशी पसरलेल्या वाळूकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावर सुसरीचा वंश अवलंबून आहे.

मराठीत सुसर व मगर ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्राणी मात्र भिन्न आहेत. सुसरीचा जबडा लांब व अरुंद, मासे पकडण्यास योग्य असा असतो. प्रौढ नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, म्हणून हिंदीत तिला घडियाल म्हणतात. मोठ्या सुसरीस पायांवर शरीर उचलून धरता येत नाही. ती पोटावर सरपटतच काठावर येते. त्यामुळे तिला कोणताही काठ चालत नाही. वाळूचा उतार थेट खोल डोहास भिडलेला असावा लागतो. डोहात मासे व आसरा मिळतो, वाळूवर ऊन खाता येते.

अंडीही तेथेच. मार्च-एप्रिलमध्ये मादी रात्रीच्या वेळी पाण्याच्या पातळीहून उंच जागी वाळूत खड्डा करते व साधारणतः तीस ते पन्नास अंडी पुरते. पुढे सुमारे दोन महिने उबविण्याचे काम वाळूच करते. पिल्लू नर निपजणार की मादी, हेही खड्ड्यातील उष्णतेवर ठरते. पावसाळ्याच्या पुराआधी पिल्ले आतून आवाज देऊ लागतात आणि मादी वाळू उकरून त्यांना बाहेर काढते. या दोन महिन्यांत त्या जागेवरून वाळूचा एक ट्रॅक्टर गेला, तरी सारे घरटे नष्ट होते.

सुसरींची संख्या फार घटल्यामुळे १९७५ मध्ये संवर्धनाची योजना सुरू झाली आणि १९७८-७९ मध्ये मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश यांनी मिळून चंबळ अभयारण्य घोषित केले. आज जगातील सर्वाधिक सुसरी याच नदीत आहेत. मोरेनाजवळील देवरी केंद्रात नदीकाठची काही अंडी आणून पिल्ले वाढविली जातात व मोठी झाल्यावर नदीत सोडली जातात. परंतु त्या माद्यांना पुढे अंडी घालण्यास वाळूचाच काठ हवा.

पाणचिरा हा पक्षी उन्हाळ्यात पात्रातील वाळूच्या बेटांवर उघड्यावर अंडी घालतो. पाणी ओसरले की बेट काठास जोडले जाते. मग कुत्री व गुरे तेथवर पोहोचतात. वरच्या अंगास गांधीसागरापासून कोटा बंधाऱ्यापर्यंत पाणी अडविले जात असल्याने हा धोका वाढतो.

अभयारण्यात वाळू उपशास बंदी आहे, तरीही चोरून उपसा होतो. घरबांधणीस वाळू लागते आणि उपशावर काहींची मजुरी चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना दुसरे काम मिळवून देणे हे अधिकाऱ्यांचेच काम होय. ग्रामस्थांनी मार्च ते जून या काळात उंच वाळूवर गुरे उतरवू नयेत आणि घरटे दिसल्यास ते न हाताळता वनचौकीस कळवावे. शिक्षकांनी मुलांस सुसर अवश्य दाखवावी, मात्र पलीकडच्या काठावरून.