अलिबागच्या किनाऱ्यावर आपलं स्वागत
(हिंद महासागरातील सत्तास्पर्धा या विषयावरील परिषदेतलं स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत करतो. अशा विषयावरची परिषद बहुधा दिल्ली-मुंबईत भरते. ती आपण एका जिल्ह्याच्या गावी आणलीत, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

आपल्यापैकी बरेच जण भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला आलात. हवा स्वच्छ असेल तर त्या वाटेवर दक्षिणेला खांदेरी दिसते. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी आरमार धाडलं, सिद्दीही धावून आला. मायनाक भंडारी बेटावर ठाण मांडून बसले आणि दौलतखानाच्या लहान होड्यांनी रसद पोचवली. अखेर इंग्रजांना वेढा उठवावा लागला. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी घेतली आणि दोन बेटं समोरासमोर तोफा रोखून उभी राहिली. आपण ज्याला सत्तासंतुलन म्हणता, ते आमच्या थळच्या कोळ्यांनी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे. आज भारतीय नौदलाची एक पाणबुडी खांदेरीचं नाव घेऊन समुद्रात आहे आणि २०२५मध्ये हा किल्ला जागतिक वारशाच्या यादीतही गेला.

सरखेल कान्होजी आंग्रे तर आमचे घरचेच. हिराकोट त्यांनी बांधला, त्यांची समाधी याच गावात आहे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र होऊन इथल्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. हल्ला फसला, आणि पुढच्याच जानेवारीत पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून मराठ्यांशी वेगळा तह केला. मित्रराष्ट्रांची युती कुठे तडकते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पण सरखेलांच्या माघारी भाऊ भावांशी भांडले, दौलत कुलाबा आणि विजयदुर्ग अशी वाटली गेली, आणि १७५६ साली खुद्द पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचा बीमोड केला. विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक, असं माझं ठाम मत आहे. पुढे या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं तोलामोलाचं आरमार उरलं नाही.

आता आमच्या गावच्या ज्या ठेव्यावर माझा सर्वांत जास्त जीव आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर बोलू द्या. ती आमची चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथे टिपलं गेलं. जवळपास दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर मोजायला घेतला, तेव्हा याच नोंदी कामी आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. ट्रामच्या विजेने उपकरणं बिघडणार, हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखलं. ट्रामपासून पुरेशी लांब आणि तरीही जुन्या नोंदींशी नातं टिकेल इतकी जवळ अशी जागा हवी होती. ती आमच्या अलिबागला मिळाली. लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड आणून इमारत उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, आकडे ताडून पाहिले गेले, मगच कुलाब्याचं काम थांबलं. ट्राम धावली १९०७ साली. तोपर्यंत मूससाहेबांची सगळी सिद्धता झालेली होती. संकट येण्याआधीच पुढचं पाहणारा अधिकारी कोणत्याही खात्याला हवाहवासा वाटावा! पुढे त्यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींवर दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. अलिबागच्या शाळेतल्या मुलांना सरखेल पाठ असतात. मूस हे नाव मात्र फार थोड्यांच्या ओठांवर असतं, याची मला मनापासून खंत आहे.

या वेधशाळेचा आपल्या विषयाशी संबंध काय, असं कोणी विचारेल. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे ठिकाणागणिक आणि वर्षागणिक बदलतं, आणि तो बदल अशाच वेधशाळा टिपतात. चुंबकीय वादळात रेडिओ संदेश विस्कळीत होतात, उपग्रहांना धोका पोचतो. आजच्या सत्तास्पर्धेचं म्हणाल, तर चीनने २०१७ साली जिबूतीत लष्करी तळ उघडला, त्याच वर्षी श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, मलाक्काच्या सामुद्रधुनीवर सगळ्यांचे डोळे लागले आहेत. त्यावर आपण विद्वान मंडळी बोलणारच आहात. मी त्यात शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की समुद्रावर हुकमत ठेवू पाहणाऱ्या देशाने युद्धनौकांच्या खर्चाबरोबरच वर्षानुवर्षं न चुकता नोंद ठेवणाऱ्या माणसांचाही खर्च उचलला पाहिजे. परिषदेच्या ठरावांत याचा उल्लेख व्हावा.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. वडखळमार्गे आलेल्यांना वाहतुकीत तासन्‌तास अडकावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. पर्यटकांचे दिवस असल्याने सर्वांची सोय एका ठिकाणी करता आली नाही; काही ज्येष्ठांना घरगुती निवासात उतरवावं लागलं. मंडपात उकाडा आहे, पंखे वाढवायला सांगितलं आहे. जेवणात मासळी आहे, शाकाहारी पंगत वेगळी आहे, पांढरा कांदा दोन्हीकडे आहे. रात्री वाडीत पोपटी लावली आहे. भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा खाल्ल्याशिवाय कोणी जाऊ नये.

आभार मानायचे तर यादी लांब आहे. मंडपाचा खर्च उचलणारे व्यापारी बंधू, सभागृह विनामूल्य देणारी शिक्षणसंस्था, आपली घरं पाहुण्यांसाठी उघडणारी कुटुंबं, मासळी पुरवणारे कोळीवाड्यातले बांधव, भाकऱ्यांची जबाबदारी घेणाऱ्या बचत गटातल्या ताई, सामान वाहणारी महाविद्यालयाची मुलं, नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे ते गृहस्थ, नगरपरिषदेचे सफाई कामगार आणि पोलीस बांधव, या सर्वांचा मी ऋणी आहे.

कुलाबा किल्ल्यावर जाणाऱ्यांनी ओहोटीची वेळ फलकावर पाहूनच निघावं. भरती चढू लागली की स्वयंसेवक सांगतील तसं परतावं. वेधशाळेची भेट उद्या सकाळी सात वाजता आहे. अंगावरच्या लोखंडी वस्तू खोलीवरच ठेवून सर्वांनी वेळेवर यावं, अशी आग्रहाची विनंती करतो आणि उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी त्यांना प्रार्थना करतो.