लांकडाच्या ढिगाचा अंदाज



सिडकोनें १९७० नंतर वसविलेल्या नेरुळांत आतां चुलींची जागा गॅसनें घेतली. लांकूड मोजण्याची विद्या काय कामाची, असें आपण म्हणाल. परंतु होळी आली, किंवा घरांतील माणूस गेलें, म्हणजे लांकडाशीं गांठ पडतेच; आणि दुःखांतला मनुष्य घासाघीस करीत नाहीं. म्हणून हा हिशेब आधींच ठाऊक असावा.

समजा, वखारींत रचलेला ढीग २ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर उंच आहे. जागा झाली २ घनमीटर. पण मधली पोकळी वजा जातां भरीव लांकूड सुमारें सव्वा घनमीटरच उरतें. लांकडें वेडींवांकडीं असलीं तर निम्मेंच धरावें. होळीसारखा निमुळता ढीग असेल, तर तळाच्या क्षेत्रफळास उंचीनें गुणून तिसरा हिस्सा घ्यावा व मग पोकळी वजा करावी. सुकें आंब्याचें लांकूड घनमीटरास ढोबळ मानानें ६०० ते ६५० किलो भरतें. तेव्हां पहिला ढीग साडेसातशें ते आठशें किलोंचा. चितेस साधारणतः ३०० ते ४०० किलो लागतात.

वजनानें घेतांना मात्र ओल पाहावी. ताज्या लांकडांत निम्में वजन पाण्याचें असूं शकतें, आणि तें आटवण्यांतच पुष्कळ उष्णता खर्चीं पडते. दोन ओंडके एकमेकांवर आपटावे. सुके खणखणतात, ओले बद्द वाजतात.

सारांश, आधीं हवा व पाणी वजा करावें, मग पैसे मोजावे.