भट्टीविना घडणारी काच

काचेची कला म्हटली की धगधगती भट्टी आणि फुंकणी डोळ्यांसमोर येते. हंगेरीतल्या काही शिल्पकारांनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांचा कच्चा माल म्हणजे खिडकीच्या तावदानासारखी सपाट काच.

या वाटेवरचं मोठं नाव झोल्तान बोहुश यांचं. जन्म १९४१चा. बुडापेस्टमध्ये त्यांनी कलेच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षं शिकवलं. काचेच्या तुकड्यांवर धातूचा अतिशय पातळ थर चढवायचा, ते एकावर एक चिकटवायचे आणि तयार झालेला ठोकळा कापून, घासून, पॉलिश करून आकाराला आणायचा, ही त्यांची पद्धत. बाहेरून आकार भूमितीतला, साधा. आत मात्र रंग आणि प्रतिबिंबं, आणि आपण जरा बाजूला सरकलो की तीही सरकतात! काच थंड असली तरी काम जोखमीचं. चिकटवताना अडकलेला हवेचा एक बुडबुडा कायमचा दिसत राहतो.

त्यांच्या पत्नी मारिया लुगोशी यांनीही असेच थर जोडले, पण वाळूचा मारा करून काचेला धूसरपणा दिला. मला त्यांची शिल्पं अधिक हळवी वाटतात.

१९६१ साली जन्मलेल्या लास्लो लुकाची यांची काच तर पंख्यासारखी उलगडते.

छायाचित्रात या शिल्पांचा एकच कोन दिसतो. प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, तर त्यांच्याभोवती एक पूर्ण फेरी जरूर मारा.