डब्यातली मिरची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो, शेती करत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही कबुली जरा चाचरतच द्यावी लागते. इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी कापसात राबत असतं. माझी सगळी शेती गच्चीवर आहे : तेलाचे सहा रिकामे डबे, एक चिरलेली बादली आणि दोन घमेली. त्यांत मिरची, वांगी, सांभार, पुदिना आणि भेदरं, म्हणजे तुमचे टमाटे.

हे वेड अम्मीचं. दारव्ह्याला आमच्या घरामागं सांदवाडी होती. यवतमाळला भाड्याच्या घरात आलो आणि सांदवाडी सुटली. अम्मीनं पहिल्याच आठवड्यात किराणा दुकानातून तेलाचा डबा मागवला, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली आणि मिरची लावली. ती म्हणायची, "सब्जी बाजार की चलती, मिरची घर की होना."

गंमत अशी, की मिरची मुळात इथली नव्हेच. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखटासाठी आपल्याकडे मिरी होती. आज ठेच्यावाचून आपली भाकरी घशाखाली उतरत नाही, आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. बाहेरून आली, हे तिला आता कुणी विचारत नाही.

ज्यांना डब्यात मिरची लावायची आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. आपली काळी माती शेतात सोनं. डब्यात मात्र ती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती घ्यावी. बुडाच्या भोकांवर खापराचे तुकडे ठेवावेत. बी आधी पसरट भांड्यात टाकावं. रोप महिना-दीड महिन्याचं झालं की एका डब्यात एकच लावावं. पाच-सहा तास ऊन हवं. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची तोडायला येते. एप्रिल-मेमध्ये फुलं गळतात, घाबरू नये. दुपारी जुन्या साडीची सावली करावी. आणि हो, तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात असतो.

आता २०१७ सालची गोष्ट. त्या पावसाळ्यात माझ्या दोन झाडांची पानं चुरडून वर वळली. शेतकरी याला बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांचं हे काम. मी बाजारात गेलो आणि औषधाची एक छोटी बाटली घेऊन आलो. आपण त्याला औषधच म्हणतो. तेच दिवस होते, जेव्हा आपल्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावं लागलं. मी रोज त्या बातम्या वाचत होतो, हळहळत होतो, आणि बाटलीही घेऊन आलो होतो. दोन्हींची सांगड काही माझ्या डोक्यात बसली नव्हती.

अम्मीनं बाटली पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "ये मारे बाद मिरची कित्ते दिन नई खाना?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. बी.ए. झालेला माणूस मी, लेबल वाचलंच नव्हतं. फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरावीक दिवस जावे लागतात, हेही मला तेव्हाच कळलं. तिनं दोन्ही झाडं मुळासकट उपटून पिशवीत बांधली. उरलेल्या झाडांसाठी लिंबोळ्या कुटल्या, एका लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम या हिशेबानं रात्रभर भिजवल्या आणि सकाळी गाळून ते पाणी शिंपडलं. सगळी झाडं वाचली असं नाही. तीन वाचली. बाटली मी सील न फोडता परत केली. दुकानदार हसला.

यात शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याचा माझा हेतू नाही. माझी दोन झाडं गेली, तर मी बाजारातून पावशेर मिरची आणतो. त्याचा कापूस गेला, तर वर्ष जातं. तरीही रसायनांवाचून शेती करणारे आपल्या जिल्ह्यातले सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अम्मीच्या लिंबोळ्यांची मला आठवण आली.

मुंबईत २००२ मध्ये प्रीती पाटील यांनी पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर जिरवून तिथं भाज्या आणि फळझाडं वाढवली. आपल्याकडे कचऱ्याहून पाण्याचं दुखणं मोठं. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला. टँकरपुढे रांगा लागल्या असताना मिरचीला पाणी घालायची लाज वाटू लागली. वांगी आणि भेदरं मी वाळू दिली. त्याच मे महिन्यात रमजान सुरू झाला. अम्मी परातीत पाय ठेवून वजू करायची. वजूला साबण लागत नाही. परातीतलं पाणी ती मिरचीला घालायची. हे पाहून शेजारच्या काकू डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात घेऊन यायला लागल्या. एक झाड जगलं. जूनमध्ये पाऊस आल्यावर त्याला फुटवा आला, पुढे मिरच्या लागल्या. पहिल्या तोडणीच्या अर्ध्या काकूंकडे गेल्या.

२०२१ साली अम्मी गेली. तिच्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात मिरचीचं बी होतं. निरोगी झाडावर लाल होऊ दिलेल्या मिरचीचंच बी ती ठेवायची. दर मृगाला मी त्यातलं थोडं टाकतो आणि नवं भरून ठेवतो. गेल्या वर्षी काकूंनीही त्यातलं नेलं.

कुणाला हवं असेल, तर पाकिटात अजून आहे. डबा मात्र तुमचा आणा.